दिव्यांची निगा : रंगभूमीच्या इतिहासातले एक राहिलेले पान

मराठी रंगभूमीचा इतिहास आपण नाटककार, नट आणि गायक यांच्या नावांनी पाठ केला आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणणारे अण्णासाहेब किर्लोस्कर बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे. कन्नड मुलुखाशी या रंगभूमीचे नाते असे जन्मापासूनचे आहे. मात्र त्या खेळांत वाती सारणाऱ्या, तेल घालणाऱ्या हातांची नोंद इतिहासाने ठेवली नाही.

आमच्या जैन घरांत सूर्यास्तापूर्वी जेवण आटपते, कारण दिव्याभोवती जीवजंतू जमतात. रंगभूमीचा दिवस नेमका त्याच वेळी उगवतो. समया आणि पलिते गेले, किटसन बत्त्या आल्या. तिथे तेलवातीऐवजी पंप मारणे आणि मेंटल सांभाळणे हे काम झाले. साधन बदलले की निगा संपत नाही, तिचे रूप तेवढे बदलते.

१८८१ साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात वीज आली आणि नवाच प्रश्न उभा राहिला : हा दिवा मंद कसा करायचा? एक जुना उपाय मिठाच्या पाण्याचा. भांड्यातल्या पाण्यात धातूच्या दोन पट्ट्या सोडायच्या. त्या जवळ आणल्या की प्रकाश वाढे, दूर नेल्या की उतरे. पाणी तापे, आटे, म्हणून पुन्हा भरावे लागे. पुढे डिमरस्टॅट आले. त्यातला कार्बनचा ब्रश तारेच्या वेढ्यांवर घासून झिजे आणि ठिणग्या उडत. १९५७ च्या सुमारास थायरिस्टर आला. तो विजेच्या प्रत्येक अर्ध्या लाटेचा काही भाग अडवतो, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या विजेत सेकंदाला १०० वेळा. तेव्हापासून जड डिमर पडद्यामागे राहिले आणि प्रकाशयोजनाकारापुढे छोटा कन्सोल आला. १९८६ साली डीएमएक्स ५१२ हा संकेत ठरला. एका केबलमधून ५१२ चॅनेलांना आज्ञा जाऊ लागल्या.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. रोग्याच्या किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीही नीट ऐकून घ्यायच्या, ही आमची पहिली शिकवण. कन्सोलचेही तसेच आहे. एखादा स्पॉट फडफडतो, लोक लगेच बल्ब बदलतात. त्याआधी तोच दिवा दुसऱ्या फेडरवर घेऊन पाहावा. फडफड थांबली तर दोष पहिल्या फेडरमध्ये, बहुधा त्याच्या पट्टीवरच्या धुळीत. न थांबली तर डिमर, वायर किंवा होल्डर तपासावा. फेडर पूर्ण खाली असताना दिवा साफ विझतो का, पूर्ण वर नेल्यावर पुरता उजळतो का, हे दोन्ही टोकांना जुळवून घ्यावे लागते. डीएमएक्सच्या शेवटच्या उपकरणावर १२० ओहमचा टर्मिनेटर नसेल तर संकेत उलटा परततो आणि दिवे मनाला येईल तसे वागू शकतात. खेळाआधी एकेक चॅनेल लावून पाहणे, क्यूंची प्रत वेगळी जपून ठेवणे, काम संपल्यावर कन्सोलवर आच्छादन घालणे, एवढी ही दिनचर्या. तिला खर्च फारसा नाही, पण रोजचा माणूस लागतो.

नेमका तो माणूसच कमी होत चालला आहे. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा, अहमदपूर तिकडे गेले, भालकी, औराद, बसवकल्याण इकडे राहिले. आज कलबुर्गीत चित्रकार एस. एम. पंडितांच्या नावाचे रंगमंदिर आहे, बिदरात डॉ. चन्नबसव पट्टदेवरूंच्या नावाचे. अशी वास्तू असणे हे भाग्यच. परंतु सीमेच्या दोन्ही अंगांच्या छोट्या गावांतली सभागृहे मी पाहिली आहेत. यंत्र विकत घेण्यासाठी निधी मिळतो, ते पुसण्यासाठी मिळत नाही. मग कुठे चार फेडर अडकतात, कुठे कन्सोल कपाटात जातो, आणि नाटक सगळे दिवे लावून केले जाते. रात्रीचा प्रवेश आणि दुपारचा प्रवेश सारखाच दिसतो. इथल्या मुलांनी नाटक पाहिले ते असेच, तर अंधारही नाटकात बोलतो हे त्यांना कळणार कसे?

म्हणून साहित्यसंस्थांना माझी सूचना साधी आहे. आपल्या सभागृहातल्या कन्सोलजवळ एक वही ठेवा. कोणता चॅनेल कधी बिघडला, कोणी काय दुरुस्त केले, तारीख घालून लिहा, मराठीत लिहा वा कन्नडमध्ये. गावातल्या एखाद्या इलेक्ट्रिशियन मुलाला हे काम शिकवा, त्याला मानधन द्या, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याचे नाव छापा. पुढे कोणी इथल्या रंगभूमीचा इतिहास लिहायला बसला, तर त्याला या वहीत ती नावे मिळतील.