लसीच्या यादीबाहेरची माणसे

रोगप्रतिबंधक लस ही विज्ञानाने मनुष्यजातीस दिलेली एक थोर देणगी होय, याविषयी सुशिक्षित वर्गात आता फारसा मतभेद उरलेला नाही. परंतु लस सिद्ध होणे ही एक गोष्ट आणि ती गरजवंताच्या दंडापर्यंत पोचणे ही अगदी निराळी गोष्ट. पहिलीचा इतिहास शास्त्रज्ञांच्या नावांनी भरलेला असतो. दुसरीचा इतिहास तलाठ्याच्या दप्तरात, आरोग्यसेविकेच्या वहीत आणि घराघरांच्या उंबरठ्यांवर विखुरलेला असतो व तो सहसा कोणी लिहीत नाही. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड हे दोन तालुके डोळ्यांपुढे ठेवून या दुसऱ्या इतिहासातील एका उपेक्षित प्रकरणाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. ते प्रकरण म्हणजे मनोरुग्ण आणि लस यांचे.

या दोन तालुक्यांची निवड आम्ही सहज केलेली नाही. घोडनदीकाठचे शिरूर नगरच्या रस्त्यावर, तर भीमाकाठचे दौंड सोलापूरच्या लोहमार्गावर. दोन्ही पुण्याच्या पूर्वेस. कोविडच्या साथीत देशास सर्वांत अधिक लस पुरविणारा सीरम इन्स्टिट्यूटचा कारखाना हडपसरास आहे व तेथून दौंड तालुक्याची हद्द फार दूर नाही. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकेंद्र असून, २००२ सालापासून आसपासच्या बावीस गावांतील जन्म, मृत्यू व स्थलांतर यांची घरोघर नोंद तेथे ठेविली जाते. म्हणजे ज्या प्रांतात लस तयार होते आणि माणसे मोजण्याची विद्याही अवगत आहे, तोच हा प्रांत. येथे एखादा वर्ग लसीपासून दूर राहिला, तर त्याचा दोष अंतरावर घालता येणार नाही.

आता थोडे मागे जाऊ. हिंदुस्थानात देवीची लस प्रथम टोचली गेली ती १४ जून १८०२ रोजी, मुंबईत, अ‍ॅना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीस. त्या काळी लस बाटलीत राहत नसे. एका मुलाच्या दंडावरील फोडातून दुसऱ्याच्या दंडावर, अशी ती माणसामाणसांतून प्रवास करी. १८२७ साली मुंबई इलाख्यात फिरत्या लस टोचणारांची पद्धत सुरू झाली. हा ‘देवी डॉक्टर’ गावोगाव फिरे, मुलांची नावे लिहून घेई आणि टोचलेले उठले की नाही हे पाहण्यास काही दिवसांनी पुन्हा फेरी करी. लोक त्यास भीत, मुले लपवीत, हे खरे. परंतु त्याच्या कामाचे मर्म दोन गोष्टींत होते: तो दारी येई आणि पुन्हा येई. १९७५ साली देशातून देवीचे उच्चाटन झाले, त्याचे बरेचसे श्रेय या कंटाळवाण्या फेऱ्यांस आहे.

याच्या उलट उदाहरण १८९७ च्या प्लेगचे. त्या वर्षी १० जानेवारीस हाफकिन यांनी आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली व नंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिचा प्रयोग झाला. भिंतीआड कोंडलेली माणसे मोजावयास सोपी असतात, ही गोष्ट येथे वाचकांनी ध्यानात ठेवावी. इकडे पुण्यात रँडच्या कारकीर्दीत गोऱ्या सोजिरांनी घरे झडतीस घेतली, रोग्यांस ओढून नेले. त्याचे पर्यवसान २२ जूनच्या गोळीबारात झाले, हे सर्वश्रुत आहे. त्याच वर्षी पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग इस्पितळातील गैरव्यवस्थेविरुद्ध जाहीर पत्र लिहिले. दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींस पुण्यात ठेवणे प्लेगच्या निर्बंधांमुळे अशक्य झाले, तेव्हा त्यांनी त्यांस दौंड तालुक्यातील केडगावी नेले. आणि त्याच वर्षी हडपसरच्या माळावरील दवाखान्यात मुंढव्याच्या एका प्लेगग्रस्त मुलास पाठीवर घालून आणताना सावित्रीबाई फुले यांस रोगाची बाधा झाली व १० मार्च रोजी त्यांचा अंत झाला. सोजीरही दारी आला आणि सावित्रीबाईही दारी गेल्या. परंतु एकाने माणसास ओढले आणि दुसरीने उचलले. सार्वजनिक आरोग्याच्या साऱ्या नीतीचा निवाडा या भेदात आहे, असे आम्हांस वाटते.

मनोरुग्णाच्या वाट्यास काय आले, हे या पार्श्वभूमीवर पाहावे. १९१२ च्या कायद्याने त्याचा विचार मुख्यतः कोठडी आणि मॅजिस्ट्रेटचा हुकूम या भाषेत केला. १९८७ च्या कायद्याने ती भाषा काहीशी मवाळ केली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मात्र मोठे पाऊल टाकले: प्रत्येक मनोरुग्णास आपल्या उपचाराविषयी निर्णय घेण्याची क्षमता आहे असे प्रथम गृहीत धरावे, आणि शारीरिक रोग्याच्या बरोबरीने त्यास सर्व आरोग्यसेवा मिळावी, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे.

या कायद्याची पहिली मोठी कसोटी कोविडने घेतली. तीव्र मानसिक विकार असलेल्यांत मधुमेह, हृद्रोग व धूम्रपान यांचे प्रमाण अधिक. कोविडने होणारे मृत्यूही त्यांच्यात अधिक आढळले. म्हणून ब्रिटन, जर्मनी, डेन्मार्क व नेदरलँड्स यांनी लसीच्या क्रमात त्यांस अग्रस्थान दिले. आपल्याकडे १ मार्च २०२१ रोजी पंचेचाळीस वर्षांवरील व्याधिग्रस्तांसाठी वीस व्याधींची यादी निघाली. तीत बौद्धिक अपंगत्वाचा उल्लेख होता. स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक विकाराचा नव्हता. पुढे मे महिन्यात ओळखपत्र नसलेल्यांसाठी नियम झाले व त्यांत मनोरुग्णालयांतील रहिवाशांचा समावेश झाला. जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांतील लसीकरणाची योजना करण्यास केंद्रास सांगितले. त्याच सुनावणीत महाराष्ट्रात रुग्णालयांतील मनोरुग्णांस भिक्षेकरीगृहात हलविले जात असल्याबद्दल तीव्र नापसंती व्यक्त केली. हे सर्व स्तुत्य खरे. परंतु भायखळ्याचा धडा येथे पुन्हा दिसतो: भिंतीआडचा मनुष्य अखेर कोणाच्या तरी हजेरीपटावर असतो. येरवड्याच्या रुग्णालयातील रोगी मोजला जाईल. पण शिरूर वा दौंडच्या एखाद्या वस्तीवर, आईच्या किंवा भावाच्या आश्रयाने राहणारा रोगी कोणत्या पटावर असतो?

त्याच्या मार्गातील अडथळे क्षुल्लक दिसतात आणि क्षुल्लक नसतात. नोंदणीस मोबाईल हवा, केंद्रावर ओळखपत्र हवे, रांगेत आणि गर्दीत तासन्‌तास उभे राहण्याइतके मनःस्वास्थ्य हवे. कोविशील्डच्या दोन मात्रांतील अंतर मे २०२१ मध्ये बारा ते सोळा आठवडे झाले. ज्याचा आजार भरती-ओहोटीप्रमाणे चढतो-उतरतो, त्यास तीन-चार महिन्यांनंतरची तारीख पाळणे किती अवघड! त्यातच ऊसतोडीच्या हंगामासारख्या कामासाठी घर हलले, तर दुसरी मात्रा हुकलीच. कित्येक कुटुंबांस भय वाटे की मनाच्या औषधांशी लस जुळणार नाही. वस्तुतः मानसिक आजार किंवा त्यावरील औषधे ही लस नाकारण्याची कारणे नव्हेत. फार तर क्लोझापिनसारखे एखादे औषध चालू असता वैद्यकीय देखरेख अधिक ठेवावी लागते. आणि सर्वांहून मोठा अडथळा लज्जेचा: घरात असा रोगी आहे हे सांगावयाचे कसे, म्हणून घरच्या माणसांची गणती सांगतानाच त्याचे नाव गाळले जाते.

सप्टेंबर २०२१ मध्ये घराबाहेर पडू न शकणाऱ्यांस घरी लस देण्याची मुभा केंद्राने दिली आणि नोव्हेंबरात ‘हर घर दस्तक’ मोहीम निघाली. म्हणजे दोन शतकांनंतर आपण पुन्हा देवी डॉक्टरच्या फेरीवरच आलो. आम्हांस यात पीछेहाट दिसत नाही. उलट जुन्या अनुभवाचे शहाणपण दिसते. मात्र दार ठोठावणे पुरेसे नाही. आशा कार्यकर्तीने आत कोण आहे हे विचारावे, त्या माणसाशी प्रत्यक्ष बोलावे, त्याने ‘आज नको’ म्हटल्यास त्याचा मान राखून आठ दिवसांनी पुन्हा यावे. आणि जेथे तो औषध घेण्यास जातो, तेथेच त्यास लसही मिळावी. या उपायांस मोठा पैसा लागत नाही. चिकाटी आणि आदर लागतो.

कोणी म्हणेल, थोड्याशा माणसांसाठी एवढी यातायात कशास? परंतु २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी शेकडा १०.६ जणांस कोणता ना कोणता मानसिक विकार आढळला होता. ही थोडकी माणसे नव्हेत. शिवाय साथ पुन्हा येणार नाही अशी हमी कोणीच देऊ शकत नाही. तेव्हा सक्तीने १८९७ चा संताप ओढवून घ्यावयाचा नसेल आणि उपेक्षेने नि:शब्द मृत्यू पत्करावयाचे नसतील, तर मनोरुग्णांची नावे साथ येण्यापूर्वीच, त्यांच्या संमतीने आणि त्यांची गुप्तता राखून, गावच्या आरोग्यवहीत असली पाहिजेत. साथ आल्यावर यादी करू लागलो, तर जी नावे आज घरातच गाळली जातात, तीच तेव्हाही गाळली जातील.