निद्रा-श्वासरोध : वायुदाब उपचार आणि दाबनिश्चितीचा इतिहास

झोपेत घशाचा मार्ग पुनःपुन्हा मिटून श्वास अडण्याच्या विकारास निद्रा-श्वासरोध (स्लीप ॲप्निया) म्हणतात. नाकावाटे सौम्य परंतु अखंड वायुदाब देऊन हा मार्ग उघडा ठेवणे, हा त्यावरील प्रमुख उपचार होय. त्यासाठी वापरण्यात येणारे यंत्र ‘सीपॅप’ या आद्याक्षरी नावाने ओळखले जाते. हवा ढकलणारा लहान पंखा, लवचिक नळी व मुखवटा हे त्याचे मुख्य भाग असून दाब पाण्याच्या स्तंभाच्या उंचीत, म्हणजे सेंमी. मध्ये मोजतात. प्रौढांच्या बाबतीत तो सामान्यतः ४ ते २० सेंमी. या मर्यादेत ठेवतात. दाब अपुरा असल्यास श्वास अडतच राहतो. तो प्रमाणाबाहेर वाढल्यास मुखवट्याच्या कडेने हवा गळते, हवा गिळली जाऊन पोट फुगते, झोप मोडते आणि काही रुग्णांत मेंदूकडून येणारी श्वासप्रेरणाच खंडित होते. त्यामुळे प्रत्येक रुग्णास योग्य असा दाब कोणता व तो कोणी आणि कसा ठरवावा, हा या उपचाराच्या इतिहासातील मध्यवर्ती प्रश्न ठरला आहे.

विकाराची ओळख : दिवसा सतत पेंगणाऱ्या स्थूल मुलाचे चित्रण चार्ल्स डिकिन्झ (१८१२–७०) यांच्या पिकविक पेपर्स (१८३६–३७) या कादंबरीत आढळते. सी. सिडनी बरवेल व त्यांचे सहकारी या अमेरिकन वैद्यांनी १९५६ मध्ये अतिस्थूलता, पेंग व अपुरे श्वसन ही लक्षणे एकत्र असलेल्या विकारास या कादंबरीवरून ‘पिकविकी’ हे नाव दिले. मात्र पेंग येण्याचे कारण रक्तात साठलेला कार्बन डाय-ऑक्साइड वायू हे होय, असा त्यांचा समज होता. झोपेत रुग्णाचा श्वास वारंवार थांबतो, ही गोष्ट १९६५ मध्ये फ्रान्समध्ये आंरी गास्तो व त्यांचे सहकारी यांनी, तसेच जर्मनीत रिखार्ट युंग व व्होल्फगांग कूलो यांनी रात्रभराच्या आलेखनाने दाखवून दिली. क्रिश्चन गिलेमिनो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये या विकाराचे स्वतंत्र लक्षणसमूह म्हणून वर्णन केले. स्थूल नसलेल्या व्यक्तींनाही तो होतो, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

जॉन रेमर्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये मार्ग मिटण्याची क्रिया उलगडून दाखविली. घशाच्या वरच्या भागास हाडाचा वा कूर्चेचा भक्कम आधार नसतो. श्वास आत घेताना तेथे निर्माण होणाऱ्या ऋण दाबामुळे त्याच्या भिंती आत ओढल्या जातात. जागेपणी जिभेचे व घशाचे स्नायू त्यांना तोलून धरतात. झोपेत हे स्नायू शिथिल होतात आणि मुळातच अरुंद असलेला मार्ग बंद पडतो. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताठ होऊन श्वास मोकळा होतो व पुन्हा झोप लागताच हेच चक्र सुरू होते. किमान १० सेकंदांचा खंड हा एक श्वासरोध मानतात. पूर्ण व अंशतः अडथळे मिळून तासाला ५ किंवा अधिक असल्यास विकार आहे असे समजतात. ३० वा अधिक असल्यास तो तीव्र मानला जातो.

उपचाराचा उगम : अडथळ्याच्या खालच्या बाजूस श्वासनालाला कायमचे छिद्र पाडणे, हाच प्रारंभी एकमेव खात्रीचा उपाय होता. कूलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचे फलित १९६९ मध्ये प्रसिद्ध केले. उपाय गुणकारी असला, तरी गळ्यातील उघड्या छिद्रासह आयुष्य काढणे रुग्णांस जड जाई. दरम्यान जॉर्ज ग्रेगरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये श्वसनकष्ट असलेल्या नवजात अर्भकांसाठी अखंड वायुदाबाचा उपयोग केला होता. परंतु त्याचा हेतू फुप्फुसांतील वायुकोश उघडे ठेवणे हा होता.

ऑस्ट्रेलियन वैद्य कॉलिन सलिव्हन यांनी हा दाब घशासाठी योजला. सिडनी येथे जून १९८० मध्ये तीव्र विकार असलेल्या एका रुग्णाने गळ्यावरील शस्त्रक्रिया नाकारली. मात्र एका रात्रीच्या प्रयोगास त्याने संमती दिली. दाब वाढविताच त्याचा श्वास सुरळीत झाला व तो गाढ झोपी गेला. दाब उतरविताच श्वासरोध परतला. पाच रुग्णांवरील निष्कर्ष एप्रिल १९८१ मध्ये द लॅन्सेट या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. ४.५ ते १० सेंमी. एवढा दाब त्या रुग्णांना पुरेसा ठरला होता. मोडलेल्या हाडाला खपची जसा आधार देते, तसा येथे हवेचा स्तंभ घशाला आतून आधार देतो, असे त्याचे स्पष्टीकरण देण्यात आले. विकार या उपचाराने बरा होत नाही. यंत्र चालू असेपर्यंतच तो आवरला जातो. म्हणून यंत्र रोज रात्री वापरावे लागते.

दाबनिश्चिती : पुढील दशकात दाब ठरविण्याची प्रयोगशाळेतील रीत रूढ झाली. रुग्णाच्या मेंदूचे विद्युत्‌ आलेखन, श्वासप्रवाह, छातीची हालचाल व रक्तातील ऑक्सिजन यांवर तंत्रज्ञ रात्रभर लक्ष ठेवतो आणि टप्प्याटप्प्याने दाब वाढवितो. अमेरिकेत २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार प्रौढांत ४ सेंमी. पासून प्रारंभ करून, अडथळे दिसत राहिल्यास किमान ५ मिनिटांच्या अंतराने किमान १ सेंमी. वाढ करतात. उताणे झोपले असता व स्वप्नावस्थेच्या झोपेत घसा सर्वाधिक मिटतो. म्हणून या स्थितीतही पुरेल तो दाब योग्य मानला जातो. श्वास सोडताना दाबाचा त्रास होणाऱ्यांसाठी मार्क सँडर्स व नॅन्सी कर्न यांनी १९९० मध्ये श्वास घेताना अधिक व सोडताना कमी, असे दोन दाब देण्याची पद्धत मांडली.

या रीतीत एक उणीव होती. प्रयोगशाळेतील एका रात्रीवरून पुढील शेकडो रात्रींचा दाब ठरे. परंतु वजन, झोपण्याची कूस, मद्यपान व नाक चोंदणे यांनुसार गरज बदलते. मायकेल बर्थन-जोन्स यांनी १९९३ मध्ये स्वतःच दाब जुळवून घेणाऱ्या यंत्राची शक्यता दाखविली. घसा अरुंद होऊ लागला की आत येणाऱ्या प्रवाहाच्या आलेखाचा गोलाकार माथा सपाट होतो. ही खूण पूर्ण अडथळ्याच्या आधीच मिळत असल्याने यंत्र वेळीच दाब वाढवू शकते. १९९४ मध्ये हॉफस्टाइन व माटेइका यांनी वजन-उंचीचे गुणोत्तर, मानेचा घेर व अडथळ्यांची संख्या यांवरून आरंभीचा दाब काढण्याचे सूत्र मांडले.

दाबनिश्चिती तज्ञाच्या देखरेखीखालीच व्हावी, हा समज पुढे शिथिल झाला. कॅनडात २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत १८ रुग्णांना घरी स्वतः दाब बदलू देण्यात आला. त्याचा परिणाम प्रयोगशाळेत ठरविलेल्या दाबाइतकाच चांगला आढळला. स्पेनमधील ३६० रुग्णांच्या २००४ मधील चाचणीत प्रयोगशाळा, घरी वापरलेले स्वयंचलित यंत्र आणि सूत्र या तिन्ही मार्गांचे परिणाम सारखेच निघाले.

वापर व मर्यादा : दाब अचूक असूनही यंत्र न वापरल्यास तो निरुपयोगी ठरतो. १९९३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या नकळत वापराची नोंद करणारे साधन बसविले असता ३५ पैकी केवळ १६ रुग्ण ते नियमितपणे, म्हणजे ७० टक्के दिवसांत किमान ४ तास, वापरत असल्याचे दिसले. म्हणून आधुनिक यंत्रांत वापराचे तास, हवागळती व शिल्लक अडथळे यांची नोंद होते आणि तीवरूनच जुळणीत फेरबदल करतात. शिल्लक अडथळे अधिक असल्यास दाब वाढविण्यापूर्वी गळती तपासतात; कारण गळतीमुळे नोंदच अविश्वसनीय होते. घसा कोरडा पडत असल्यास हवेला उष्णता व आर्द्रता देतात, प्रारंभी दाब सोसत नसल्यास तो सावकाश चढेल अशी योजना करतात आणि पोट फुगत असल्यास दाब उतरवून पाहतात.

उरलेले श्वासखंड घसा मिटल्याने नसून श्वासप्रेरणा थांबल्याने होत असतील, तर दाब वाढविल्याने ते वाढू शकतात. अशा रुग्णांसाठी प्रत्येक श्वासागणिक साहाय्य बदलणारी यंत्रे निघाली. तथापि हृदयाचा आकुंचनजोर घटलेल्या व मुख्यतः श्वासप्रेरणेचा दोष असलेल्या १,३२५ रुग्णांच्या २०१५ मधील चाचणीत या यंत्रांमुळे हृद्‌रोगाने होणारे मृत्यू वाढल्याचे आढळले. आलेख सुधारला म्हणजे रुग्ण सुधारला असे नव्हे, हा या चाचणीचा धडा होय. हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या २,७१७ रुग्णांच्या २०१६ मधील चाचणीत सीपॅपमुळे पेंग व घोरणे घटले, मात्र हृदयविकाराचे झटके व पक्षाघात यांत घट दिसली नाही. त्यांतील सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता.

मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात नित्याच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या ३५ ते ६५ वयाच्या ६५८ निरोगी पुरुषांच्या पाहणीवरून २००४ मध्ये झरीर उदवाडिया व त्यांच्या सहकाऱ्यांनी झोपेतील श्वसनदोषाचे प्रमाण १९.५ टक्के व दिवसाच्या पेंगेसह ते ७.५ टक्के असल्याचे दाखविले. हा विकार केवळ पाश्चात्त्यांचा नाही, हे त्यावरून स्पष्ट होते. भारतात निद्रा प्रयोगशाळा मुख्यतः मोठ्या शहरांत असल्याने, घरी करता येण्याजोग्या दाबनिश्चितीस येथे विशेष महत्त्व आहे. वैद्याचा सल्ला, यंत्रातील नोंदी आणि रुग्णाचा स्वतःचा अनुभव या तिन्हींचा मेळ घालून वेळोवेळी दाब तपासणे, हे यशस्वी उपचाराचे मर्म होय.