दाबून बसवलेला सांधा

शाळेत इतकी वर्षं इतिहास शिकवला, पण एक गोष्ट मला कायम खटकत राहिली. पुस्तकात शोध लावणाऱ्याचं नाव असतं, सन असतं. ती वस्तू घरोघर जोडणाऱ्या हातांबद्दल आणि त्या हातांतल्या हत्याराबद्दल मात्र एक ओळही नसते. आता टीव्हीच्या केबलचंच बघा.

या केबलला ‘कोॲक्सियल’ म्हणतात, म्हणजे एकाच अक्षावर बसवलेली. मधोमध एक तार, तिच्याभोवती पांढरं प्लास्टिक, त्यावर बारीक तारांची जाळी आणि वरून काळं कातडं. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाने १८८० साली या रचनेचं पेटंट घेतलं. पुढे अमेरिकेत एस्पेनशीड आणि ॲफेल या दोघांना १९३१ साली एकाच वेळी अनेक संदेश नेणाऱ्या केबलचं पेटंट मिळालं. ही नावं कुठेही सापडतात. पण केबल तोडली की तिचं टोक कशाला तरी जोडावं लागतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

बाहेरच्या लहरी आत येऊ नयेत आणि आतल्या बाहेर जाऊ नयेत हे जाळीचं काम. म्हणून सांध्यावर ती चारी बाजूंनी सारखी धरली गेली पाहिजे. पूर्वी डाख देत असत. पण डाख द्यायचा तर उष्णता आली, आणि उष्णतेने आतलं पांढरं प्लास्टिक मऊ पडतं. शिवाय गच्चीवर किंवा खांबावर तापलेली कैची कुठून आणायची?

उत्तर आलं ते विमानं आणि जहाजांच्या गरजेतून. युंकस व्हिटेकर याने १९४१ साली अमेरिकेत कंपनी काढली, तिचं नावच ‘एअरक्राफ्ट मरीन प्रॉडक्ट्स’. डाख न देता, दाबून बसवायचे जोड ती बनवायची. युद्धकाळात हजारो जोड पटापट करायचे होते, आणि सतत थरथरणाऱ्या विमानात डाखाच्या कडेशी तार तुटण्याची भीती असते. धातूवर पुरेसा दाब दिला की तो किंचित वाहतो, वरचा गंजाचा पातळ थर फुटतो आणि धातूला धातू असा भिडतो की मध्ये हवाही शिरत नाही. यालाच क्रिंपिंग म्हणायचं. दाब कमी पडला तर हवा शिरून आतून गंज चढतो. जास्त झाला तर जाळीच्या तारा कापल्या जातात किंवा आतलं पांढरं प्लास्टिक चेपतं, आणि मग आलेला संदेश तिथेच आपटून थोडा मागे फिरतो.

म्हणून या टूलमध्ये रॅचेट असतं. ‘करकर’ आवाज करत मूठ दाबायची. दाब पूर्ण होईपर्यंत टूल तोंड उघडतच नाही. अर्धवट काम करून पुढे जायची सोयच नाही! (आमच्या परीक्षा पद्धतीला असं रॅचेट असतं तर किती बरं झालं असतं.) षट्कोनी खाचही केबलप्रमाणे बदलते. संगणकांच्या जुन्या जाळ्यातल्या आरजी-५८ ला साधारण ५.४ मिलिमीटर, आरजी-५९ ला ६.५. फरक एका मिलिमीटरचा, पण चुकीच्या खाचेत दाबलेला कनेक्टर वरून झकास दिसतो आणि पावसाळ्यात दगा देतो.

कनेक्टरही दोन घराण्यांचे. बीएनसी हे नील आणि कॉन्सेलमन या दोन अभियंत्यांच्या नावांवरून आलं. आपल्या बल्बच्या होल्डरसारखं दाबून फिरवायचं. दुसरा एफ, आपल्या टीव्हीचा. हा १९५० च्या दशकात जेरॉल्ड या अमेरिकन कंपनीत एरिक विन्स्टनने काढला. त्याला वेगळी पिनच नाही, केबलची मधली तार हीच पिन. त्यामुळे तो स्वस्त झाला, आणि स्वस्त झाला म्हणूनच आपल्या चाळींपर्यंत पोचला.

मुंबईत दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ ला. जानेवारी १९९१ च्या आखाती युद्धाने सीएनएनची ओढ लावली, त्याच वर्षी स्टार आलं, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. मग दोन-तीन वर्षांत गच्चीवरून गच्चीवर काळ्या केबलींचं जाळं पसरलं. हे जाळं कुठल्या सरकारी खात्याने विणलं नाही. ते विणलं दहावीला अडकलेल्या पोरांनी. त्यांतले काही माझ्याच वर्गातले होते. खिशात ब्लेड, कमरेला टूल.

टीव्हीवर मुंग्या आल्या की आपण केबलवाल्याला शिव्या घालायचो. पण एक गंमत सांगतो. कधीकधी दूरदर्शनच्या चित्राच्या डावीकडे एक फिकट सावली दिसायची. संदेश केबलमधून हवेपेक्षा सावकाश जातो. जाळीचा सांधा सैल असला की मनोऱ्याकडून थेट हवेतून आलेला संदेश त्यातून आत घुसतो आणि केबलमधल्याच्या आधी पडद्यावर पोचतो, म्हणून सावली डावीकडे. १९९५ च्या कायद्याने दूरदर्शनच्या किमान दोन वाहिन्या दाखवणं केबलवाल्यांना सक्तीचं झालं, तेव्हा ही सावली टाळायला त्या दुसऱ्याच चॅनेलवर सरकवून द्यायचे. माझ्या एका विद्यार्थ्याने हे मला गच्चीवर उभ्या उभ्या समजावलं. विज्ञानाच्या पेपरात त्याला पस्तीस मिळाले नव्हते!

यंत्राने कसब मारलं असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ते अर्धंच पटतं. किती दाबायचं हे रॅचेटने ठरवलं, पण सोलायचं कसब हातातच राहिलं. ब्लेडची चीर मधल्या तारेवर पडता कामा नये, नाहीतर ती तिथेच मोडते. जाळीचा एकही केस तिला टेकता कामा नये. आणि टूल सांभाळायचं काम तर पूर्णच माणसाचं. खाचेत तांब्याचा चुरा साठतो, तो जुन्या टूथब्रशने काढायचा. सांध्याच्या खिळींना शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब, खाचेत मात्र तेल नाही. वापरून वापरून दाब सैल होतो, तेव्हा बऱ्याच टूलांना असलेलं छोटं दातेरी चाक एखाद्या घराने फिरवायचं. मग एक कनेक्टर बसवून ओढून बघायचा. चांगला कारागीर त्या टूलने हातोडीचं काम करत नाही. बहुतेक जण करायचे.

पुढे कॉम्प्रेशनचे कनेक्टर आले, षट्कोनाऐवजी सगळीकडून सारखे आवळणारे. ३१ ऑक्टोबर २०१२ ला मुंबईतलं जुन्या पद्धतीचं केबल प्रक्षेपण संपलं, सेट टॉप बॉक्स आले, मग फायबर. काचेचा तंतू दाबून जोडता येत नाही. त्याची यंत्रं वेगळी, महाग, आणि बहुधा कंपनीच्या मालकीची. क्रिंपिंग टूल ज्याचं त्याचं होतं.

ती पोरं आता पन्नाशीकडे झुकली. तो सावलीवाला सीसीटीव्हीची कामं करतो. ज्या कॅमेऱ्यांना अजून कोॲक्सियल केबल लागते त्यांना बीएनसी बसवतो. टूल तेच आहे का, असं मी विचारलं. “मुठी बदलल्या सर,” म्हणाला, “बाकी तेच.”