मिनियन्स : द राइज ऑफ ग्रू

इल्युमिनेशन या संस्थेचा, काइल बाल्डा दिग्दर्शित अमेरिकन सचेतन विनोदी चित्रपट (२०२२). ‘डेस्पिकेबल मी’ (२०१०) या चित्रपटातील खलनायक ग्रू याचे बाल्य, १९७६ च्या सुमारास, यात चित्रित झाले आहे. ‘व्हिशस सिक्स’ नामक दुर्जनमंडळात उमेदवारीसाठी हजर झालेला हा अकरा वर्षांचा मुलगा, हेटाळणीपूर्वक हाकलला जाताच, त्यांचा राशिरत्न-मणीच लंपास करतो. परंतु ऑटो नावाचा मिनियन (ग्रूचा चिमुकला सेवक) तो अमोल ऐवज एका धोंड्याच्या मोबदल्यात देऊन टाकतो. मंडळाने दगा देऊन पदच्युत केलेला वृद्ध वाइल्ड नकल्स आणि त्याचा भक्त ग्रू यांच्यात जुळणारे गुरुशिष्याचे नाते हाच कथेचा खरा गाभा होय. मिनियनांची कुंगफूची तालीम रंजक असली, तरी काहीशी लांबलेली आहे. ग्रूला स्टीव्ह करेल, नकल्सला ॲलन आर्किन आणि समस्त मिनियनांना पिएर कॉफँ यांनी आवाज दिला. कोविड महामारीत पॅरिसमधील चित्रशाळा बंद पडल्याने २०२० चे नियोजित प्रदर्शन लांबून ते जुलै २०२२ मध्ये झाले. जगभरातील उत्पन्न नव्वद कोटी डॉलरांहून अधिक भरले.