कापसाचा आकडा आणि एकास नऊचा भाव

वऱ्हाडात कुठल्याही पानटपरीवर 'आकडा' हा शब्द उच्चारला की त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. पोलिसांच्या बातमीत त्याचंच नाव 'वरली मटका'. पण हा आकडा मुळात कापसाचा होता, हे मात्र आता फार कमी जणांना आठवतं. आणि आपलं मलकापूर तर कापसाचंच गाव. तेव्हा आज इतिहासही बघू आणि थोडं गणितही करू. प्रश्न साधा आहे: रोज आकडा लावणाऱ्याचं दहा वर्षांनी काय होतं? त्यात नशिबाचा वाटा किती आणि भावाचा किती?

अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मलकापूर मुंबईच्या रेल्वेमार्गावर आलं. खामगावच्या बाजारासाठी १८७० मध्ये वेगळा फाटा निघाला. इथल्या गाठी मुंबईला जात, आणि मुंबईचे व्यापारी न्यूयॉर्कच्या बाजाराकडे डोळे लावून बसत. तिथला उघडताना आणि बंद होतानाचा भाव तारेने मुंबईत येई. त्या भावातल्या आकड्यांवर लोक पैजा लावू लागले. आजचे 'ओपन' आणि 'क्लोज' हे शब्द तिथूनच आले.

१९६१ मध्ये न्यूयॉर्कहून येणारे हे आकडे बंद झाले. पण लोकांना आकडा हवाच होता. मग चिठ्ठ्यांवर अंक लिहून त्या मटक्यात टाकायच्या आणि एक काढायची, अशी युक्ती निघाली. नाव पडलं ते त्या मातीच्या मटक्यावरून. १९६२ मध्ये कल्याणजी भगत यांनी वरळीत आपला मटका सुरू केला, १९६४ मध्ये रतन खत्री यांनी 'न्यू वरळी' काढला. पुढे चिठ्ठ्यांऐवजी पत्ते आले. गिरणगावातला कामगार हा मोठा गिऱ्हाईक होता. म्हणजे कापूस गेला, कापसाचा भाव गेला, राहिला नुसता आकडा.

आता गणित. गुलाम, राणी, राजा काढून टाका. उरले ४० पत्ते: एक्का ते दश्शी, दश्शीला शून्य धरायचं. तीन पत्ते काढायचे, बेरजेचा शेवटचा अंक हा आकडा. ५, ७, ९ आले तर बेरीज २१, आकडा १. अनेकांना वाटतं की बेरजेत काही अंक जास्त वेळा येत असणार. तसं होत नाही. तिन्ही पत्त्यांत प्रत्येकी १ मिळवला (नऊनंतर पुन्हा शून्य) तर तितकाच शक्य असलेला दुसरा डाव मिळतो आणि आकडा ३ ने पुढे सरकतो. तीन-तीनच्या उड्या मारत गेलं की ०, ३, ६, ९, २, ५, ८, १, ४, ७ असे दहाही अंक येऊन जातात. म्हणून पिसणं प्रामाणिक असेल तर प्रत्येक अंकाची शक्यता बरोबर दहात एक.

मग बुकीला काय सुटतं? सगळी मेख भावात आहे. आकड्याचा रूढ भाव एकास नऊ. दहात एक शक्यता असताना न्याय्य भाव एकास दहा हवा. जोडीची शक्यता शंभरात एक, भाव एकास नव्वद. दोन्हीकडे लावलेल्या प्रत्येक रुपयामागे सरासरी दहा पैसे जातात. डावात लबाडी असण्याची गरजच नाही, भाव ठरला तेव्हाच ती वजावट झालेली असते.

आता नशीब कुठे येतं ते बघा. समजा शंभर जण रोज १० रुपये एका आकड्यावर लावतात. शंभर डावांनंतर त्यांतले साधारण ३० जण फायद्यात असतील! टपरीवर आवाज त्यांचाच असतो. हरलेले ७० गप्प असतात. वर्षाला ३०० डाव धरून हेच दहा वर्षं चालू द्या. ३,००० डाव, ३०,००० रुपये लावले, सरासरी तोटा ३,०००. आता फायद्यात उरतील शंभरात जेमतेम दोन.

जोडीचं मात्र वेगळं. तोटा तोच, दहा टक्के. पण जोडी क्वचित लागते आणि लागली की भरपूर देते, म्हणून नशिबाचा खेळ लांबतो. त्याच ३,००० डावांनंतर जवळजवळ चौथा हिस्सा लोक अजून फायद्यात असतील. मला या सगळ्यातला हाच भाग महत्त्वाचा वाटतो. तोटा किती हे भाव ठरवतो, आणि तो किती काळ झाकलेला राहील हे बक्षिसाच्या आकारावर ठरतं. दहा वर्षं खेळूनही माणसाला 'आपल्याला जमतंय' असं वाटू शकतं. बुकी तर एका दिवसातच शेकडो डाव घेतो. एकाच अंकावर फार पैसा आला तर तो भार वरच्या बुकीकडे उतरवतो. त्यामुळे त्याचं नशीब लवकर सरासरीला येतं, आपलं येत नाही.

अमेरिकेतल्या व्हिडिओ पोकरच्या यंत्रावर हेच उघड दिसतं, कारण भावाचा तक्ता पडद्यावरच असतो. 'जॅक्स ऑर बेटर' या खेळात एका यंत्रावर फुल हाउसला ९ आणि फ्लशला ६ मिळतात, शेजारच्या तशाच यंत्रावर ८ आणि ५. निर्दोष खेळणाऱ्याला पहिलं यंत्र शंभरामागे सुमारे ९९.५४ परत देतं, दुसरं ९७.३०. बाकी सगळं तेच! तिथे कोणते पत्ते ठेवायचे यात कौशल्य तरी आहे. आकड्यात तेही नाही. गेल्या महिन्याच्या चार्टाचा अभ्यास करून उद्याचा आकडा काढता येत नाही, कारण पिसलेल्या पत्त्यांना कालचं काही आठवत नाही.

म्हणून कुणी पेनाने खुणा केलेला चार्ट पुढे करून "आज सत्ता येणार बघा" म्हणालं, तर सत्त्यावर वाद घालू नका. सत्ता येईलही, दहात एकदा येतोच. फक्त विचारा, "भाव काय?"