सँडहर्स्ट रोडला उतरा

पनवेलहून सीएसएमटीची लोकल पकडा आणि सँडहर्स्ट रोडला उतरा. जिना संपला की तुम्ही शंभरेक वर्षं मागे आलात असं समजा. डोक्यावर टोपी आहे ना? बोडक्या डोक्यानं फिरलात तर लोक वळून बघतील.

आता पश्चिमेकडे चला. व्हिक्टोरियावाला ओरडतोय, बाजूला व्हा! घोड्यांच्या लिदीचा उग्र वास, त्यात भेंडीबाजारातला कबाबांचा धूर, मग कुठून तरी अत्तराचा झोत. सदरा पाठीला चिकटलाय. गोल देवळापाशी झेंडूच्या ढिगातून वाट काढा आणि गिरगावच्या दिशेनं पुढं या. ट्रामची घंटा विरली की दुसरा आवाज कानावर येईल. दहा-बारा पोरं एकाच वेळी पलटे घोकताहेत. पोहोचलात. हे विष्णु दिगंबर पलुसकरांचं गांधर्व महाविद्यालय.

आत शिरताच छापखान्याच्या शाईचा वास नाकात भरतो. गाण्याच्या शाळेत छापखाना? हो. पंडितजींनी स्वतःची स्वरलिपी बसवलीय आणि क्रमिक पुस्तकं इथंच छापतात. पलीकडं वाद्यांची दुरुस्ती चालते. भुश्शावर पाय घसरेल, जपून. कोपऱ्यात एक मुलगा पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक थापतोय. थोडी थापतो, वाजवून बघतो, पुन्हा थोडी खरवडून काढतो.

हे विद्यार्थी इथंच राहतात, इथंच जेवतात. फी नाही, पण नऊ वर्षं शिकण्याचा करार आहे. कोल्हापूरहून आलेला तो मुलगा बघा, नारायण व्यास. पुढं त्याच्या तबकड्या घरोघरी वाजणार आहेत, पण आज त्याला ते ठाऊक नाही. आज त्याला फक्त झोप येतेय.

तुम्हीही पडा सतरंजीवर. ढेकूण चावतील, उकाड्यानं जीव जाईल, आणि डोळा लागतो न लागतो तोच कुणीतरी हलवेल. पहाटेचे चार! गार पाण्याचे दोन तांबे अंगावर घ्या आणि बसा ओळीत. खर्ज लावायचाय. पहिले काही क्षण घशातून नुसती खरखर निघते. मग शेजाऱ्याचा षड्ज तुमच्या बरगड्यांत घुमू लागतो, जमिनीतून मांड्यांपर्यंत येतो, आणि तुमचाही आवाज कधी त्यात मिसळला ते कळत नाही.

इतक्यात सगळे ताठ बसतात. पंडितजी आलेत. भरदार बांधा, दाढी. लहानपणी कुरुंदवाडला दत्तजयंतीच्या दारूकामात चेहरा भाजला, दृष्टी अधू झाली, शाळा सुटली. म्हणून वडिलांनी मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला ठेवलं. डोळे अधू असले तरी कान बघा. तुमच्या तंबोऱ्यापाशी ते थांबतात. जोडीतली एक तार किंचित उतरलीय. ते मणी केसभर सरकवतात, मग घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा बोटानं जरासा हलवतात, आणि बोदा वाजणारा तंबोरा एकदम बोलायला लागतो. तुमच्या मानेवर काटा येतो.

मिरजेतली एक गोष्ट सांगतात. एका समारंभाचं निमंत्रण तरुण विष्णूला आलं, पण त्याच्या गुरूला नाही, कारण गवयाला कोण बोलावणार! ती सल घेऊन ते मिरजेतून बाहेर पडले. काठियावाडात तिकीट लावून जाहीर जलसा केला, १९०१ साली लाहोरला विद्यालय काढलं, १९०८ साली मुंबईत. गवई थोर होतेच. त्यांना समाजात मान मिळवून द्यायला आणि कारकुनाच्या मुलालाही रीतसर गाणं शिकता यावं म्हणून झिजलेला असा माणूस दुसरा नाही, असं मला वाटतं. पत्नी रमाबाईही त्यांच्या बरोबरीनं राबल्या.

ही इमारत डोळे भरून पाहून घ्या. ती कर्जावर उभी आहे, आणि १९२४ साली लिलावात जाणार आहे. पंडितजी नाशिकला रामनामात रमतील आणि २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत देह ठेवतील. त्याच वर्षी त्यांचे शिष्य एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन करतील.

तुमच्या मुलीनं गाण्याच्या प्रवेशिका परीक्षेचा अर्ज भरलाय ना, तो त्याच मंडळाचा. परीक्षेला तिला घेऊन जाल तेव्हा गाडीत तिला पंडितजींबद्दल जरूर सांगा.