दर सात वर्षांनी परत येणारा माणूस

बरेच जण एपिसोड ऐकून झाल्यावर म्हणतात, "लेखी पण टाका ना, लोकलमध्ये रेंज नसते." तर हा घ्या, या वेळचा एपिसोड लेखी स्वरूपात. जसं बोललो तसंच ठेवलंय, फक्त अडखळणं काढून टाकलंय.

सुरुवात एका फोटोपासून. परवा आमच्या शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी दुसरीच्या वर्गाचा फोटो टाकला. मग काय, मेसेजवर मेसेज. "हा बघ, बाई म्हणायच्या हा कलेक्टर होणार." "आणि तो मागचा? त्याचं काही खरं नाही असं सगळे म्हणायचे." त्या मागच्याचं आज स्वतःचं गॅरेज आहे, हाताखाली सहा माणसं आहेत. आणि कलेक्टर होणारा मी. बसलोय इथे माइकसमोर!

सात वर्षांच्या पोराकडे बघून त्याचं पुढचं आयुष्य सांगता येतं का? एका माणसाने हा प्रश्न हातात घेतला आणि पंचावन्न वर्षं सोडला नाही. त्याचं नाव मायकल अ‍ॅप्टेड. ब्रिटिश दिग्दर्शक. तुमच्यापैकी काहींनी त्याचा सिनेमा नकळत पाहिलाही असेल, कारण १९९९ चा जेम्स बाँडपट 'द वर्ल्ड इज नॉट इनफ' त्याचाच. पण त्याचं आयुष्यभराचं काम म्हणजे टीव्हीवरची एक डॉक्युमेंटरी. आज तिची गोष्ट.

वर्ष १९६४, देश इंग्लंड. बीटल्सचं वेड ऐन भरात आहे, महायुद्ध संपून वीस वर्षंही झालेली नाहीत, आणि सगळीकडे चर्चा आहे की देश बदलतोय. पण खरंच बदलतोय का? तिथला वर्गभेद म्हणजे साधी गोष्ट नाही. माणसाने तोंड उघडलं की त्याच्या बोलण्यावरून कळायचं, हा कुठल्या घरातला, कुठल्या शाळेतला. आपल्याकडे आडनाव ऐकलं की काही लोकांच्या डोक्यात जे गणित सुरू होतं ना, तसंच काहीसं.

ग्रॅनाडा टेलिव्हिजन ही मँचेस्टरची कंपनी. तिचा 'वर्ल्ड इन अ‍ॅक्शन' नावाचा कार्यक्रम होता, जरा धारदार, प्रश्न विचारणारा. तिथे कल्पना निघाली, की वेगवेगळ्या थरांतली सात वर्षांची मुलं घ्यायची आणि त्यांना बोलतं करायचं. सात वर्षांचं मूल माझ्या हाती द्या, मी तुम्हाला त्यातला माणूस दाखवतो, अशा अर्थाची एक जुनी म्हण तिकडे आहे. ती म्हण म्हणजे या कार्यक्रमाचा पाया. २००० साली जे कामगार नेते आणि कंपन्यांचे साहेब असतील, ते आज सात वर्षांचे आहेत, चला त्यांना भेटू, अशी ती मांडणी.

कार्यक्रमाचा दिग्दर्शक होता पॉल आमंड नावाचा कॅनेडियन माणूस. आपला अ‍ॅप्टेड तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचा. केंब्रिजमधून इतिहास आणि कायदा शिकून ग्रॅनाडात नुकताच शिकाऊ म्हणून लागलेला. त्याचं काम काय? शाळांमध्ये जायचं आणि मुलं शोधायची. हाताशी जेमतेम काही आठवडे.

१४ मुलं निवडली गेली. लंडनच्या श्रीमंत भागातल्या शाळेतली तीन मुलं, पूर्व लंडनच्या कामगार वस्तीतली मुलंमुली, अनाथ-निराधार मुलांच्या वसतिगृहातले दोघे, लिव्हरपूलच्या उपनगरातले दोघे, यॉर्कशरच्या डोंगरातला एक शेतकऱ्याचा मुलगा. कृष्णधवल, साधारण चाळीस मिनिटांचा कार्यक्रम, 'सेव्हन अप'. ५ मे १९६४ ला दाखवला आणि विषय संपला. पुढचे भाग काढायचे असं कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

पुढे ग्रॅनाडातल्या एका वरिष्ठाने सहज विचारलं, त्या मुलांचं पुढे काय झालं ते बघायचं का? आणि १९७० मध्ये अ‍ॅप्टेड त्या मुलांकडे परत गेला, या वेळी दिग्दर्शक म्हणून. मुलं चौदा वर्षांची. मग एकवीस, अठ्ठावीस, पस्तीस. असं करत करत २०१९ साली '६३ अप' आला, तेव्हा ती मुलं निवृत्तीला टेकलेली आणि अ‍ॅप्टेड स्वतः अठ्ठ्याहत्तरचा.

आता मला सगळ्यात जास्त जे भिडलं ते सांगतो. या मालिकेचं कौतुक करताना लोक म्हणतात, बघा किती दूरदृष्टी! मला उलटं वाटतं. हा माणूस ठळकपणे चुकला. कॅमेऱ्यासमोर चुकला आणि त्या चुका फिल्मवर कायमच्या राहिल्या. पण दर सात वर्षांनी त्याला त्याच माणसांच्या दारात जावं लागायचं. तीन चुका सांगतो.

पहिली टोनीची. टोनी म्हणजे पूर्व लंडनमधला वांड पोरगा. सातव्या वर्षी म्हणाला, मला जॉकी व्हायचंय. चौदाव्या वर्षी शाळा सोडायच्या बेतात, घोड्यांच्या तबेल्यात काम. एकविसाव्या वर्षी जॉकीचं स्वप्न संपलेलं, आणि तो टॅक्सीचा परवाना मिळवण्यासाठी लंडनचे रस्ते पाठ करतोय. अ‍ॅप्टेडला वाटलं, हा आता गुन्हेगारीकडे जाणार, पुढच्या वेळी भेटेल तेव्हा तुरुंगात असेल. म्हणून त्याने काय करावं? टोनीला गाडीतून त्या भागातल्या गुन्हेगारीच्या अड्ड्यांवर फिरवून चित्रीकरण करून ठेवलं, पुढे तुरुंगातल्या टोनीबरोबर जोडायला!

टोनी तुरुंगात गेला नाही. टॅक्सीवाला झाला, लग्न केलं, मुलं झाली, घर घेतलं. तो सगळा शूट वाया. अ‍ॅप्टेडने पुढे हा किस्सा स्वतःच अनेकदा सांगितला, की मी देव बनायला गेलो होतो. त्यानंतर त्याने ठरवलं, पुढचं गृहीत धरून शूट करायचं नाही.

टोनीचा एक किस्सा ऐकाच. चंद्रावर जाऊन आलेला बझ ऑल्ड्रिन एकदा त्याच्या टॅक्सीत बसला होता. शेजारी दुसरा टॅक्सीवाला आला, सही हवी म्हणाला. टोनी ऑल्ड्रिनला म्हणतो, जरा सही द्या. तर तो टॅक्सीवाला म्हणतो, त्यांची नको रे, तुझी हवीय!

दुसरी चूक जास्त खोल आहे. १४ मुलांमध्ये मुली किती? फक्त चार. १९६४ मध्ये टीव्हीच्या ऑफिसात बसलेल्या लोकांना वाटलं, पुढे देश चालवणार पुरुषच, मग मुली कशाला जास्त? आणि नेमकं पुढच्या पन्नास वर्षांत काय झालं? बायका शिकल्या, नोकऱ्या करू लागल्या, संसाराचे नियम बदलले. अ‍ॅप्टेडने नंतर स्पष्ट कबूल केलं, की माझ्या काळातला सगळ्यात मोठा सामाजिक बदल हाच होता आणि तो टिपायला माझ्याकडे पुरेशा बायकाच नव्हत्या.

बरं, ज्या चौघी होत्या त्यांना प्रश्न काय विचारले? लग्न, नवरा, मुलं. जॅकी नावाची पूर्व लंडनची मुलगी. एकविसाव्या वर्षी तिला त्याने विचारलं, लग्नाआधी पुरुषांचा पुरेसा अनुभव घेतलास असं वाटतं का? ती भडकली. पण खरी गंमत पुढे आहे. एकोणपन्नासाव्या वर्षी तिने कॅमेऱ्यासमोरच त्याला धरलं, की आम्ही कशा आहोत हे तू ठरवतोस, तुला हवं ते ठेवतोस आणि बाकीचं कापतोस. '६३ अप'मध्ये तर तिने तो जुना प्रश्नच पुन्हा काढला. मुलांना जगाबद्दल विचारायचास, आम्हाला घराबद्दलच का?

आता विचार करा. कापायची कात्री कुणाच्या हातात होती? अ‍ॅप्टेडच्याच. हे सगळं तो सहज काढून टाकू शकला असता, आपल्याला कळलंही नसतं. त्याने ते ठेवलं. त्याच्याविरुद्धची साक्ष त्याच्याच फिल्ममध्ये.

आणि इथे त्याच्या बाकीच्या कारकिर्दीचा धागा जुळतो. १९८० च्या आसपास तो हॉलिवूडला गेला. तिथले त्याचे गाजलेले सिनेमे बघा. 'कोल मायनर्स डॉटर', म्हणजे खाणकामगाराच्या घरातून आलेली गायिका लोरेटा लिन. त्यासाठी सिसी स्पेसेकला ऑस्कर मिळालं. 'गोरिलाज इन द मिस्ट', म्हणजे रवांडात गोरिलांसाठी लढलेली डायन फॉसी. मग जोडी फॉस्टरचा 'नेल'. सगळीकडे मध्यभागी बाई, आणि तिला समाजात आवाज मिळवण्यासाठी काय मोजावं लागतं याची गोष्ट. त्याने स्वतःच सांगितलं होतं, की 'अप'मध्ये जे निसटलं, त्यातून ही ओढ आली.

तिसरी चूक श्रीमंत मुलांबाबतची. तिघांपैकी जॉन. सातव्या वर्षी त्याने आणि त्याच्या मित्रांनी, आपण कुठल्या शाळेत आणि कुठल्या कॉलेजात जाणार, हे पाढे म्हटल्यासारखं सांगितलं होतं. पुढे तो वकील झाला. बघणाऱ्यांना वाटलं, झालं, यांना सगळं ताटात वाढून मिळतं! पण जॉनने नंतर सांगितलं, की तो नऊ वर्षांचा असताना वडील गेले, आईला नोकरी करावी लागली आणि ऑक्सफर्डला तो शिष्यवृत्तीवर शिकला. हे आधीच्या भागांमधून दिसलंच नव्हतं. वर्गभेद खोटा होता असं नाही हं. जिथे जन्म झाला त्याचं वजन बहुतेकांच्या आयुष्यावर दिसतंच. पण 'दिसतंच' आणि 'तेवढंच' यात फरक आहे.

आणि काही आयुष्यं कुठल्याच साच्यात बसली नाहीत. नील. लिव्हरपूलचा, सातव्या वर्षी डोळ्यांत चमक असलेला, उड्या मारत चालणारा. अंतराळवीर व्हायचं म्हणणारा. अठ्ठावीसचा असताना स्कॉटलंडमध्ये बेघर, एकटा भटकतोय. तो भाग बघताना पोटात गोळा येतो. आणि बेचाळिसाव्या वर्षी? लंडनच्या हॅकनी भागात निवडून आलेला नगरसेवक! मधल्या काळात त्याला घरात जागा कुणी दिली? याच मालिकेतल्या ब्रूसने. सात वर्षांचे असताना टीव्हीवाल्यांनी एकत्र आणलेली दोन मुलं, पुढे अशी एकमेकांच्या उपयोगी पडली.

हे सगळं गोड गोड नव्हतं, हेही सांगतो. पीटर नावाच्या शिक्षकाने अठ्ठाविसाव्या वर्षी थॅचर सरकारवर टीका केली, तर वर्तमानपत्रं त्याच्या मागे हात धुऊन लागली. तो मालिका सोडून गेला, आणि परतला थेट छप्पन्नाव्या वर्षी, आपल्या बँडची ओळख करून द्यायला. चार्ल्स एकविशीनंतर पुन्हा कधीच आला नाही, आणि तो स्वतः काय झाला? डॉक्युमेंटरी बनवणारा! कॅमेऱ्यामागे बसायला तयार, पुढे नाही. सात वर्षांच्या मुलाची परवानगी म्हणजे काय असते, हा प्रश्न या मालिकेने कधी सोडवला नाही. आज रोज आपल्या पोरांचे रील टाकणाऱ्यांनी यावर जरा विचार करायला हरकत नाही.

लिन ही चौघींपैकी एक. मुलांच्या ग्रंथालयात काम करायची. २०१३ मध्ये ती गेली, या चौदांपैकी पहिली. '६३ अप'मध्ये अ‍ॅप्टेड तिच्या घरच्यांना भेटायला गेला. यॉर्कशरचा निक, जो शेतकऱ्याच्या घरातून अमेरिकेत प्राध्यापक आणि भौतिकशास्त्रज्ञ झाला, तो त्या भागात घशाच्या कर्करोगाशी झुंजत होता. २०२३ मध्ये तोही गेला. त्याआधीच, ७ जानेवारी २०२१ ला, अ‍ॅप्टेड गेला होता. सत्तरीच्या भागाला तो नसणार होता.

बघायचं असेल तर माझा सल्ला: आधी 'सेव्हन अप' बघा, मग थेट '२८ अप'. मधलं नंतर. सात वर्षांच्या नीलनंतर अठ्ठावीसचा नील समोर येतो, तेव्हा कळतं हा माणूस परत परत का जात राहिला.

मी एक केलं. त्या फोटोतल्या गॅरेजवाल्याला फोन केला. म्हटलं, अरे, आम्ही तुझ्याबद्दल काय काय बोलायचो, माहितेय? तो हसला. म्हणाला, "मला सगळं ऐकू यायचं रे. मागच्या बाकावर होतो, बहिरा नव्हतो."

पुढच्या रविवारी त्याच्या गॅरेजवर जातोय. माइक घेऊन नाही, असाच.

तुमच्या वर्गातला असा कुणी आठवतोय का? एपिसोडखाली लिहा. भेटू पुढच्या आठवड्यात. काळजी घ्या!